घर ताईंच्या नावावर, हप्ता सरांच्या पगारातून: लातूरच्या एका जोडप्याच्या वाटणीचा पूर्ण हिशोब

हे प्रकरण लातूर शहरातलं आहे. मी यात वकील नव्हतो, मी टॅक्स, जीएसटी, प्रोजेक्ट रिपोर्ट असली कामं करतो, माझ्याकडे ते आलं फक्त "हिशोब मांडून द्या" म्हणून. नावं लिहीत नाही, आकडे थोडे गोल केलेत आणि ओळख पटेल असं जे होतं ते बदललंय. नवरा अनुदानित शाळेवर शिक्षक म्हणून त्याला सर म्हणतो, बायकोला ताई म्हणतो. दोघांचं का पटलं नाही, चूक कुणाची, ते इथं येणार नाही, त्यावर पाहुण्यारावळ्यांत भरपूर बोलून झालंय आणि वाटणीला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

लग्न २००६ चं. सर २००८ ला नोकरीला लागले, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरचे, जुन्या पेन्शनमध्ये नाहीत, एनपीएस या नव्या पेन्शन योजनेत. ताई घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज, पिको-फॉल करतात, लग्नसराईत श्वास घ्यायला वेळ नसतो आणि मग मध्येच महिना-महिना मशीन बंद, सरासरी धरली तर तेरा-चौदा हजार. मुलगी सोळाची, अकरावीला, नीटची तयारी चालू. मुलगा अकरा वर्षांचा. ऑक्टोबर २०२३ पासून सर औसा तालुक्यातल्या गावी आई-वडिलांकडे राहायला गेले आणि तिथूनच शाळेला ये-जा करायला लागले.

आधी अर्थात बैठक बसली, भावकीची. सरांकडून प्रस्ताव असा आला की पाच लाख घ्या, दागिने आहेत ते असू द्या, आणि बॉण्डवर फारकत लिहून द्या. तेव्हा शंभराचा बॉण्ड चालायचा, आता पाचशेचा लागतो, पण कितीचाही आणा, नोटरीसमोर सह्या करून हिंदू विवाह मोडत नाही. एखाद्या समाजात तशी जुनी रूढी कोर्टात सिद्ध करता येत असेल तर गोष्ट वेगळी, पण इथं तसं काहीही नव्हतं. ताईंचा भाऊ उठला आणि म्हणाला, "दाजी, सहा एकर रान हाय तुमचं, त्यात अर्धं घेतल्याबिगर आमी उठणार न्हाई." बैठक तिथंच फिसकटली. मला विचाराल तर दोन्ही बाजू सारख्याच चुकीच्या आकड्यावर बसल्या होत्या.

आपल्याकडं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की घटस्फोट झाला की सगळं अर्धं-अर्धं होतं. सिनेमातून आलं असेल, कुठून आलं असेल. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यामुळं नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, तिथं अर्ध्याची भाषा चालते. महाराष्ट्रात तसं नाही. इथं ज्याच्या नावावर त्याचं, वर पोटगी, वर स्त्रीधन, आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ आहे पण ते लग्नाच्या वेळेला दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं, म्हणजे कपाट, पलंग, मिक्सर. संसारात पुढं जे कमावलं त्याच्या वाटणीचं सरळ कलमच नाही. म्हणून मग सगळा खेळ येतो तो नाव कुणाचं, पैसा कुणाचा आणि पोटगी किती धरायची यावर, आणि माझ्या अनुभवात या तिन्हीचं उत्तर मालमत्तेच्या यादीत सापडत नाही, कर्जाच्या यादीत सापडतं. कर्ज कुणी काढलं, कशासाठी काढलं, कुठं गेलं हे पाहिलं की संसार कुणी कशावर चालवला ते कळतं.

ताईंनी २०२४ च्या सुरुवातीला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज टाकला आणि अंतरिम पोटगी मागितली. तिथं दोघांना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागलं. सुप्रीम कोर्टाने रजनीश विरुद्ध नेहा या प्रकरणात २०२० ला हे सगळ्यांना बंधनकारक केलंय, नमुनाच ठरवून दिलाय, पगार, खाती, एफडी, विमा, सोनं, जमीन, कर्ज, महिन्याचा खर्च, सगळं. ते शपथपत्र भरायला ताई माझ्याकडे आल्या आणि पुढं काही महिन्यांनी, खरं वाटणार नाही, सरही आले. दोघांना एकत्र बसवलं आणि सांगितलं की मी दोघांचं एकाच वहीत लिहिणार, चालत असेल तर बसा. चाललं.

सरांनी शपथपत्रात पगार लिहिला होता ४९,००० आणि त्यांच्या मते ते खरंच होतं, खात्यावर तेवढाच जमा होतो. पण पगारपत्रक काढलं तर एकूण ८२,०००. त्यातून एनपीएस आणि व्यवसाय कर मिळून साधारण ७,६०० जातात, ही सक्तीची कपात. नव्या कररचनेत एवढ्या पगाराला आयकर बसत नाही. राहिले ७४,४००. मग शिक्षक पतसंस्थेचा हप्ता २१,००० आणि एलआयसी ४,४००, असे करत ४९,०००. पोटगी ठरवताना कोर्ट सक्तीची कपात वजा करतं, पतसंस्थेचा हप्ता आणि विमा तुम्ही स्वतःच्या मर्जीने घेतलेला असतो, तो दाखवून पगार कमी सांगता येत नाही. शिवाय पतसंस्थेची बाकी ३,६०,००० होती, म्हणजे पावणेदोन वर्षांच्या आत हप्ताच संपणार. हे ऐकून सर बराच वेळ गप्प बसले. वाईट हेतू नव्हता त्यांचा, अर्ध्या स्टाफरूमला असंच वाटतं की हातात येतो तोच पगार.

आता घर. २०२१ मध्ये लातुरात रो-हाऊस घेतलं, ३४ लाखाला, ताईंच्या एकटीच्या नावावर. प्रेमापोटी नाही. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात महिलेच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, ३४ हजार वाचले, आणि ही सूट दोघांच्या नावे घेतलं तर मिळत नाही म्हणून सरांनी स्वतःच स्वतःचं नाव काढायला लावलं. गृहकर्ज २२ लाख, त्यात मात्र दोघंही कर्जदार, कारण पगार सरांचा. वरचे १२ लाख कसे उभे राहिले: सरांनी पतसंस्थेतून सहा लाख काढले, ताईंच्या माहेरून चार लाख आले, दोन लाख दोघांच्या एफडीचे मोडले. हप्ता १९,१००, चार वर्षं सरांच्या खात्यातून न चुकता. आजचा भाव धरला ४२ लाख, बँकेची बाकी २० लाख.

सर म्हणायले, "चार वर्षांत नऊ लाखाच्या वर हप्ते भरले मी, सहा लाख पतसंस्थेचे, एक लाख एफडीतला, माझे सोळा लाख द्या आणि घर ठेवा." आकडा बरोबर होता, अर्थ बरोबर नव्हता. नऊ लाख सतरा हजार भरून मुद्दल कमी झालं किती तर दोन लाख. सुरुवातीच्या वर्षांत हप्ता म्हणजे जवळपास व्याजच असतं. आणि ते सात लाखाचं व्याज म्हणजे ज्या घरात चौघं राहिले त्याचं भाडंच झालं की. मग सरांचं घरात अडकलेलं भांडवल झालं ६ अधिक १ अधिक २, नऊ लाख. ताईंचं ४ अधिक १, पाच लाख. आणि भाव वाढला आठ लाख. सगळं मिळून २२ लाख, ४२ मधून कर्जाचे २० काढले की हेच उरतात, ताळा बसला. भांडवलाच्या प्रमाणात वाटलं तर सरांच्या वाट्याचे साधारण १४ लाख येतात.

पण इथं ताईंनी एक प्रश्न विचारला जो मला फार आवडला. "हप्ता सरांनी भरला, मान्य, पण किराणा कुणी भरला ते लिवा की." मग त्यांचा फोनपे काढला. किराणा, दूध, गॅस, मुलाची शाळेची फी, मुलीचा क्लास लावला त्याचा पहिला हप्ता, दवाखाना, सगळं ताईंच्या खात्यातून, महिन्याला कधी दहा, कधी चौदा हजार. बारा हजार जरी सरासरी धरली तरी चार वर्षांत पावणेसहा लाख. शिलाईच्या धंद्याची एकही पावती नाही, रिटर्न नाही, पण फोनपेला सगळं तारखेसकट सापडतं. हे पैसे घराच्या भांडवलात धरायचे का नाही यावर आमचं एकमत झालं नाही, मी धरले नाहीत, पण सरांचा "सगळं मी केलं" हा सूर त्या दिवशी थांबला. ते मला आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं.

कायद्यानं सरांना घरावर दावा करता आला असता का? आला असता. बेनामी कायद्यात, स्वतःच्या उघड उत्पन्नातून बायकोच्या नावे मालमत्ता घेतली तर ती बेनामी धरत नाहीत, म्हणून नवरा "पैसा माझा होता, घर माझं" असं भांडू शकतो आणि ते भांडण कौटुंबिक न्यायालयातच चालतं. पण नुसतं पैसे दिले एवढं पुरत नाही, बायकोला देण्याचा हेतू नव्हता हे सिद्ध करायचं ओझं नवऱ्यावर. खरेदीखतावर एकटीचं नाव, तेही स्वतः सूट घेण्यासाठी घातलेलं, आणि माहेरचे चार लाख आरटीजीएसने आलेले. सरांच्या वकिलांनीच त्यांना यात वर्षं घालवू नका म्हणून सांगितलं.

सोन्याचं भांडण लवकर मिटेल असं वाटलं होतं, उलट तेच सगळ्यात कडू निघालं. लग्नातलं एकूण १२ तोळे. माहेरचं सात, सासरचं पाच, दोन्ही स्त्रीधनच, सासरने घातलं म्हणून ते सासरचं होत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८५ पासून, प्रतिभा राणी प्रकरणात, सांगितलंय की स्त्रीधन नवऱ्याकडे असलं तरी तो फक्त सांभाळणारा. बारातले पाच तोळे ताईंकडे, तीन तोळ्याच्या पाटल्या सासूबाईंकडे, आणि चार तोळ्याचं गंठण २०२२ पासून गोल्ड लोनला, शेतातल्या बोअरसाठी, बाकी १,६०,०००. सरांच्या वडिलांचं, आबांचं म्हणणं, "त्या टायमाला सोनं नऊ हजार तोळा होतं, बारा तोळ्याचे एक लाख आठ हजार घ्या, मिटवा." २०२५ ला सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलेलं. स्त्रीधन वस्तूच्या रूपात परत द्यायचं असतं, वजनाने, आणि वस्तू नसेल तर आजच्या भावाने, हे आबांना पटवायला मला नाही जमलं, गावातल्या सराफाने एका वाक्यात पटवलं. लग्नातले फोटो आणि दोन जुन्या पावत्या होत्या म्हणून वजनावर वाद झाला नाही. ज्यांच्याकडे हे नाही त्यांनी निदान फोटो तरी जपून ठेवा.

बारकी देणी लोक विसरतात. ताईंच्या नावावर बचत गटाचं कर्ज, बाकी ७०,०००. काढलं तेव्हा कागदावर "शिलाई मशीन", पण त्यातून ओव्हरलॉक मशीन आली तिला थोडे लागले आणि मोठा भाग शेतातल्या मोटारीला, पाइपलाइनला गेला. सर म्हणाले ते तिचं कर्ज. नावाने तिचंच, पण ताईंनी थकवलं तर गटातल्या बाकीच्या बायकांचं पुढचं कर्ज अडतं, म्हणजे ज्यांचा या घराशी संबंध नाही त्यांच्या संसारात हे भांडण जातं. मोटारीची पावती सापडली, ४५,००० सरांकडे आणि २५,००० ताईंकडे असं ठरलं. तसंच पतसंस्थेच्या कर्जाला सरांच्या शाळेतलेच एक गुरुजी जामीनदार, त्यांना रात्री झोप येईना, कारण सरांनी हप्ता चुकवला तर यांच्या पगारातून कापणार. सहा लाख घरासाठी काढले आणि घर ताईंना चाललंय, तर बाकी ताईंनी भरावी असं सरांचं म्हणणं. यात त्यांच्या बाजूने न्याय होता, मी तसं बोललोही, पण पगारातून कापला जाणारा हप्ता दुसऱ्याच्या नावावर फिरवता येत नाही, म्हणून तो सरांकडेच ठेवून त्याचा भार दुसरीकडे धरला.

आणि एक एफडी, साडेतीन लाखाची, दोघांच्या नावे, एका मल्टिस्टेट पतसंस्थेत, जिचं शटर खाली आलंय. ही कुणालाच नको होती! शपथपत्रात सरांनी ती ताईंच्या बाजूला पूर्ण किमतीने दाखवली होती, ताईंच्या वकिलांनी सरांच्या बाजूला. मी ती शून्य किमतीला लावली आणि लिहायला सांगितलं की जेव्हा जे काही येईल ते निम्मं-निम्मं, दाव्याच्या मूळ पावत्या ताईंकडे, झेरॉक्स सरांकडे. मराठवाड्यात अशा ठेवी किती घरांत अडकल्यात सांगायची गरज नाही, वाटणीत त्या पूर्ण किमतीने कुणाच्या गळ्यात मारू नका.

आता ते सहा एकर. जमीन आजोबांपासूनची, आबांच्या नावावर, आबा हयात. बायकोला नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत स्वतःहून वाटणी मागता येत नाही. नवऱ्याच्या मागं वारस म्हणून येतं ते वेगळं, आणि बाप-लेकांत वाटप झालं तर आईला म्हणजे आबांच्या बायकोला एक हिस्सा धरतात ते वेगळं. उद्या वाटप झालंच तर आबा, आजी, दोन भाऊ आणि एक बहीण असे पाच हिस्से, बहिणीचाही बरोबरीचा. सहा एकर म्हणजे २४० गुंठे, सरांच्या वाट्याला ४८ गुंठे. "सहा एकरात अर्धं" कुठं आणि ४८ गुंठ्यांचा कागदावरचा हिस्सा कुठं! तो हिस्सा ताईंचा होत नाही, पण सरांची ऐपत मोजताना कोर्ट तो बघतं, आणि पोटगीचा बोजा नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर चढवताही येतो. भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेलं गावातलं घरही आबांच्या नावावर, ताईंच्या भावाला त्यातही वाटा पाहिजे होता. तिथं ताई लग्नानंतर राहिल्या होत्या, २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर सासू-सासऱ्याच्या घरातही राहण्याचा हक्क सांगता येतो, पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, आणि ताईंना तिथं राहायचंच नव्हतं.

भावाबद्दल एक लिहितोच. सासरच्या जमिनीत अर्ध्यासाठी सगळ्यात मोठा आवाज त्याचा. ताईंचे वडील २०१२ ला गेले तेव्हा माहेरच्या साडेचार एकरावर ताईंकडून हक्कसोडपत्र करून घेतलं होतं यानेच, एक पैठणी आणि जेवण. मग २०२१ ला घराला चार लाख दिले ते काय म्हणून? भाऊ म्हणतो उसने, परत पाहिजेत, म्हणजे ताईंच्या डोक्यावर आणखी एक कर्ज. सर म्हणतात तो तिचा हिस्सा होता. ताई म्हणाल्या, "अण्णा, हक्कसोड केली तवा मी एक शब्द बोलले का? मग आता उसने म्हणू नगं." ना पावती, ना व्याज, चार वर्षांत एकदाही मागणी नाही. यादीत ते ताईंचं भांडवल म्हणून गेलं. मी इतकी कागदपत्रं बघतो, हक्कसोडीवर सही करणाऱ्या बहिणी आणि पुढं नवऱ्याकडून हाकललेल्या बहिणी, बऱ्याचदा त्याच असतात.

मधला मार्ग निघाला तो दुसऱ्याच जमिनीतून. सरांनी २०१५ ला चुलत्याकडून एक एकर विकत घेतली होती, स्वतःच्या नावे, किंमत आता १४ लाख धरली. ताईंना रोखीपेक्षा जमीन पाहिजे होती. कारण भावनिक नव्हतं. मराठवाड्याला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर परवानग्या काढत बसावं लागतं. माहेरची हक्कसोड झालेली, सासरचं नातं सुटणार, म्हणजे सातबाऱ्यावर ताईंचं नाव कुठंच उरत नव्हतं. सरांनी २० गुंठे द्यायचे ठरले. वीसच का, तर २०२३ च्या अधिसूचनेने जिरायत जमिनीचा तुकडा २० गुंठ्यांच्या खाली करता येत नाही, एकराचे बरोबर दोन होतात, त्यापेक्षा बारीक नाही. बोअर सरांच्या अर्ध्यात येतो, म्हणून पाण्याची पाळी आणि बांधावरून जायची वाट दस्तातच लिहून घेतली, तोंडी ठेवली असती तर पहिल्याच रब्बीला डोकी फुटली असती.

आणि या २० गुंठ्यांचं बक्षीसपत्र घटस्फोटाच्या हुकूमनाम्याच्या आधी केलं, हे फार महत्त्वाचं. नवऱ्याने बायकोला शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार वगैरे लागतो तेवढा. घटस्फोट झाला की ती कायद्याने पत्नी राहत नाही आणि मग सात लाखाच्या जमिनीवर पूर्ण दराने शुल्क. आधी दस्त, मग फेरफार, सातबारा हातात पडला, आणि सहमतीच्या अटींत फक्त "बक्षीसपत्र झालेलं आहे" एवढी नोंद. सरांना भीती होती की जमीन घेऊन ताई सहमती मागे घेतील. रास्त भीती. म्हणून पहिली तारीख झाल्यावर, अटी कोर्टात दाखल झाल्यावर मगच दस्त केला.

एकरकमी पोटगीचा आकडा मग असा आला. घरातला सरांचा १४ लाखाचा हिस्सा सोडला, सात लाखाची जमीन, आणि रोख तीन लाख, एकूण २४. ताईंना स्वतःसाठी महिना काही नाही. सरांना हे अंगावर आल्यासारखं वाटलं. तेव्हा त्यांच्यासमोर दुसरं गणित ठेवलं: २०१७ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने निव्वळ पगाराच्या २५ टक्के पोटगी रास्त म्हटलीय, तो काही पक्का नियम नाही, पण तेवढंच धरलं तरी ७४,४०० चे १८,६०० महिना, रिटायर व्हायला १३ वर्षं, न वाढवता २९ लाख. आणि पगार वाढणार. एकरकमी स्वस्त पडतं हे गणिताच्या मास्तराला दोनदा सांगावं लागलं नाही. ताईंच्या बाजूने बघितलं तर एकरकमी पोटगी भांडवली धरतात, त्यावर आयकर नाही, महिन्याची पोटगी मात्र उत्पन्नात येते. पण एक गोष्ट ताईंना स्पष्ट सांगितली की घटस्फोटानंतर सरांच्या नोकरीतलं पत्नी म्हणून काही मिळणार नाही, एनपीएसचं नामनिर्देशनही सर बदलणार, आपल्याकडे पेन्शन वाटून देणारा कायदा नाही. ते धरूनच २४ वर सही करा.

मुलांचं वेगळं ठेवलं, प्रत्येकी ११,०००, दोघांचे २२,०००, दरवर्षी पाच टक्के वाढ, मुलीच्या मेडिकल प्रवेशाचा खर्च निम्मा-निम्मा. मुलांच्या पोटगीचा हक्क आई सोडून देऊ शकत नाही, "पुढे काहीही मागणार नाही" हे वाक्य अटींत असतं ते बायकोपुरतं.

आमचं जमलं नाही ते घर ठेवण्यावर. माझं मत विका असं होतं, आजही आहे. २० लाखाचं कर्ज चौदा हजाराच्या कमाईवर ठेवू नये. पण ताईंची गिऱ्हाइकं त्या गल्लीतली, दुकान म्हणजे ती पुढची खोली, दुसरीकडे गेल्या तर धंदा शून्यापासून. त्यांनी तोडगा स्वतः काढला, वरच्या मजल्यावर क्लासच्या तीन मुली ठेवल्या, नीटवाल्या, महिना ९,०००. लातूरला हे भाडेकरू कमी पडत नाहीत. रोखीचे तीन लाख थेट कर्जात भरले, बाकी १७ लाख. इथं लक्ष द्या, मोठी रक्कम भरली की बँका बहुतेक मुदत कमी करतात आणि हप्ता तोच ठेवतात, ताईंना हप्ता कमी पाहिजे होता, तसा लेखी अर्ज द्यावा लागला, मग १९,१०० चा १६,२०० झाला.

सरांना वाटत होतं कोर्टाने लिहिलं की ते कर्जातून सुटले. बँक कोर्टाच्या त्या अटींत पक्षकार नसते, तिच्या लेखी दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार, ताईंनी तीन हप्ते चुकवले तर सरांचा सिबिल जातो. सरांचं नाव काढायला ताईंचं उत्पन्न कागदावर पाहिजे आणि ते शून्य. म्हणून अटींत घातलं की हप्ता ताईंच्या खात्यातून जाईल, स्टेटमेंट दर तीन महिन्यांनी सरांना, आणि दोन रिटर्न झाले की नाव कमी करायचा अर्ज. सुरुवातीला सरांनी परस्पर हप्ता भरायचा आणि तेवढी पोटगी धरायची असा विचार होता, तो मी हाणून पाडला, कारण त्यांनी एक महिना रागाने थांबवलं की घर ताईंचं धोक्यात.

सरांनी एलआयसी मोडली, २,८०,००० आले, जुनी गाडी २,३०,००० ला विकली. त्यातून तीन लाख रोख, गोल्ड लोनचे १,६०,०००, गटाचे ४५,०००. गंठण सोडवून आणलं, पाटल्या समुपदेशकांसमोर वजन करून ताईंच्या हातात दिल्या, सासूबाई आल्या नाहीत, पाठवून दिल्या.

सहमतीचा अर्ज जून २०२५ ला लातूरच्या कौटुंबिक न्यायालयात टाकला, कलम १३ ब. आधीचा हिंसाचाराचा अर्ज त्यात मागे घेतला. सहा महिने थांबायची अट सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालानुसार माफ होऊ शकते, दीड वर्षापेक्षा जास्त वेगळे राहत असाल आणि पोटगी, मुलं, सोनं सगळं खरंच मिटलेलं असेल तर. इथं मिटलेलं होतं, माफ झाली. या सगळ्यात ताईंना कोर्ट फी लागली नाही, वैवाहिक वादात महिलांना महाराष्ट्रात १९९४ पासून माफ आहे, आणि वकील हवा असता तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळाला असता, ताईंना हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

राहिलंय ते दोन कामं. मल्टिस्टेटचा दावा लावलाय, त्याचं काही उत्तर नाही. आणि बँकेतून सरांचं नाव काढणं. ताईंचं पहिलं रिटर्न मी भरलं, शिलाई आणि वरचं भाडं दाखवून, दुसरं पुढच्या जुलैत, मग बँकेत अर्ज. सर मध्ये एकदा विचारायला आले होते, लवकर होईल का म्हणून, मी म्हणालो स्टेटमेंट येतंय ना वेळेवर, तर म्हणाले येतंय, तारखेच्या आधी येतंय.